वजाबाकी खेळातून शिकवताय? मग या चुका टाळा

बाकड्यांची लोकल हा आमच्या बालवाडीतला माझा सगळ्यात लाडका खेळ. सात मुलं डब्यात बसवायची आणि मी अनाउन्समेंटवाली बाई. "पुढील स्टेशन, माटुंगा." दोघं उतरली. "डब्यात किती उरले?" मोजून झालं, पाच. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात मी हौसेनं दादर आणलं. तिघं उतरली, मी विचारलं, "आता किती?" साडेचार वर्षांचा एक पठ्ठ्या माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, दादरला चढतात पण."

बरोबरच होतं त्याचं. मुंबईतल्या मुलाला दादरला गाडी रिकामी होते असं सांगायचं म्हणजे कमाल आहे! मुलाला जे रोज दिसतं त्याच्या उलट गोष्ट रचली, की त्याचं डोकं आकड्यांऐवजी गोष्टीतच अडकतं. आता आमची गाडी परळपासून सुटते. करी रोडला एक, चिंचपोकळीला दोन, आणि शेवटच्या स्टेशनला, सीएसएमटीला, सगळे उतरतात. "आता डब्यात कोण?" "कुणीच नाही!" शून्य असं हसतखेळत कळतं. (तिथेही गाडी थांबायच्या आत सीट पकडणारे असतात, पण ते मुलांना अजून माहीत नाही.)

खाऊ काढून घेणे

घरोघरी होणारी चूक ही. बशीत पाच बिस्किटं ठेवायची, त्यातली दोन आपण उचलायची आणि विचारायचं, "किती राहिली?" मूल भोकाड पसरतं. त्याच्या दृष्टीनं तो गणिताचा प्रश्न नसतो, त्याची बिस्किटं गेलेली असतात. उचलायचं काम मुलाला द्या. "दोन आजीला देऊन ये. आता तुझ्याकडे किती?" देणारा तो असला की रडणं नाही.

खाऊची आणखी एक अडचण आहे. खाल्लेलं परत आणता येत नाही, मग उत्तर चुकलं तर पडताळणार कसं? म्हणून मला वाटीचा खेळ जास्त पटतो. पाच बुचं मांडायची, मुलानं डोळे मिटायचे, दोन बुचं वाटीखाली लपवायची. "समोर तीन आहेत, वाटीखाली किती?" अंदाज सांगून झाला की वाटी त्यानंच उचलायची. बरोबर आलं की नाही ते वाटीच सांगते, आपण मान हलवायची गरज नाही. गेलेले दोन आणि उरलेले तीन मिळून पुन्हा पाचच होतात, हेही त्याला न सांगता दिसतं.

पाचातून दोन गेले, उत्तर चार

हे उत्तर ऐकून आई-बाबा वैतागतात. पण मुलाला मोठ्यानं मोजायला लावा, म्हणजे गंमत कळेल. उलटं मोजताना ते बोटं मिटत म्हणतं, "पाच, चार." दोन आकडे म्हणून झाले, म्हणजे दोन गेले, म्हणून उत्तर चार! चूक सुरुवातीच्या एकाच पायरीची आहे. जिथे उभे आहोत तो आकडा त्यानं मोजण्यात धरला.

यावर ओरडून उपयोग नाही, लादीवर उड्या मारायच्या. खडूनं एका ओळीत शून्य ते दहा लिहा. मूल पाचावर उभं राहील आणि तोंडानं काही बोलणार नाही. मागे एक उडी, पाय टेकल्यावर "चार". दुसरी उडी, "तीन". उभं असताना गप्प, उतरल्यावर आकडा, एवढाच नियम. चाळीच्या गॅलरीतही हे जमतं, फक्त खालच्या मजल्यावरच्या काकूंची दुपारची झोप सांभाळा.

"वजा"ची घाई

चिन्ह, उभी मांडणी, चौकटीची वही हे सगळं नंतर. आधी गेले, पडले, उडाले, संपले, उरले हे शब्द तोंडात बसू द्या. खरं तर मराठीत वजाबाकी आकड्यांच्या नावातच लपलेली आहे. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगू नका, पण तुम्हाला मात्र माहीत असावं.

शब्दावर किती अवलंबून असतं बघा. "पाच मुलं, तीन खुर्च्या. मुलं किती जास्त?" असं विचारलं की बरीच मुलं "पाच" म्हणून मोकळी होतात. तेच "किती जणांना खुर्ची मिळणार नाही?" असं विचारा, "दोन" येतं. टॉम हडसन या संशोधकानं १९८३ साली पक्षी आणि किड्यांची चित्रं दाखवून हेच तपासलं होतं. किती पक्ष्यांना किडा मिळणार नाही, असं विचारल्यावर मुलांची उत्तरं कितीतरी सुधारली. संगीत खुर्ची घरात असतेच, वेगळं साहित्य आणायला नको.

साहित्यावरून आठवलं, चिंचोके आणि वाटाणे तीन वर्षांच्या आतल्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. नाकात जातात. आमच्याकडे एकदा गेला होता, तेव्हापासून मी कपड्यांचे चिमटे वापरते. दोरीवर लावायचे, काढायचे, मोजायचे.

तरीही जमत नसेल तर

मुलाला म्हणा, "मला पाच चिमटे दे." त्यानं मूठभर आणून दिले, तर अडचण वजाबाकीची नाहीच. दहापर्यंत घडाघडा म्हणणं वेगळं आणि शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण वस्तू, हे कळणं वेगळं. अशा वेळी वजाबाकी सरळ बाजूला ठेवा. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानातही साधी वजाबाकी पहिलीसाठी आहे. त्याआधीच्या बालवाटिकेत दहापर्यंतचे आकडे ओळखता-वाचता यावेत, आकडे आणि वस्तू क्रमानं लावता याव्यात, अशी अपेक्षा आहे. तेव्हा तूर्त जिन्याच्या पायऱ्या मोजा, ताटात पोळ्या मोजून वाढायला सांगा. पंधरा दिवसांनी पुन्हा पाच चिमटे मागा. बरोबर पाच आले, की वाटी काढा.