माळ "रिकामा" दिसला की झाडं लावायला निघता? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते. गवताळ जमीन बघायची आणि "इथे काहीच नाहीये, चला झाडं लावू" म्हणायचं. उन्हाळ्यात माळ वाळून पिवळा पडतो म्हणून मेल्यासारखा वाटतो, पण त्याचा खरा संसार जमिनीखाली असतो, मुळं, कंद, बिया, आणि कार्बनसुद्धा बराचसा मातीतच. तिथे खड्डे खणून दाट झाडी उभी केली की सावलीने गवत जातं, गवतावर जगणारे पक्षी, किडे जातात, आणि झाडं पाणी जास्त ओढतात म्हणून खालचे ओढेही आटायला लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या पाणी कायद्यात व्यापारी वृक्षलागवड ही नदीचा प्रवाह कमी करणारी गोष्ट म्हणूनच धरलीये.

मग हा मुळातला माळ की तोडलेलं जंगल हे ओळखायचं कसं? एका भेटीत नाही कळत. पहिला पाऊस झाला की परत जा, कंदांची फुलं आणि गवताचे बरेच प्रकार दिसले तर तो जुना माळ, त्याला हात लावू नका. जुनी खोडं फुटताना दिसली तर तिथे जंगल होतं, आणि अशा ठिकाणी तर रोपं आणायचीही गरज नसते बऱ्याचदा, चराई आणि तोड काही वर्षं थांबवली की तीच खोडं वर येतात. तिथे गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना नक्की विचारा, हे सर्व्हेत कुठेच सापडत नाही.

दुसरी चूक म्हणजे घाणेरी किंवा वेडी बाभूळ (बाहेरून येऊन झपाट्याने पसरणारी झुडपं) एकदम साफ करायची. मशीन लावून सगळं उघडं केलं की पावसात माती वाहून जाते आणि मातीत पडलेलं तिचंच बी सगळ्यात आधी उगवतं. जिथे तण कमी आणि स्थानिक झाडोरा अजून शाबूत आहे तिथून सुरुवात करा आणि दाट भागाकडे हळूहळू सरका. घाणेरी नुसती छाटली तर परत फुटते, मुळासकट काढावी लागते, आणि पुढची काही वर्षं दर पावसाळ्यानंतर फेरी मारावीच लागते, बजेटमध्ये हे पैसे धरलेले नसतात आणि काम तिथेच फसतं. आधीच सगळं साफ करून बसला असाल तर कापलेल्या फांद्या (बी नसलेल्या) उतारावर आडव्या टाका आणि जवळपासच्या गवताचं बी पसरा.

जमिनीवर पांढरं मीठ दिसायला लागलं तर वरून खत टाकून काही होत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात खोल मुळांची मूळ झाडी काढून गहू पेरला, पिकाची मुळं उथळ, भूजल वर आलं आणि खालचं मीठही सोबत घेऊन आलं. हे दिसायला बरीच वर्षं लागतात, म्हणून झाडोरा काढायच्या आधीच विचार करायला हवा.

पॉलिसी बनवणारेही तीच "रिकामी" वाली चूक करतात बरं का. ब्राझीलचा २०१२ चा वन कायदा घ्या, ॲमेझॉन पट्ट्यात जंगल असलेल्या खाजगी जमिनीवर ८० टक्के भाग राखायचा आणि त्याच पट्ट्यातल्या सेराडोत, म्हणजे सवानात (मधेमधे झाडं असलेला गवताळ माळ), फक्त ३५ टक्के. आणि कायदा येणार म्हणून सांगून मधे वेळ सोडला की लोक आधीच तोडून घेतात, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात १९९९ मध्ये झाडोरा तोडण्यावरचा कायदा पास झाला, लागू झाला २००० मध्ये, आणि त्या मधल्या काळात तोड वाढली.

आता माळावर झाडं लावून झालीच असतील तर? रोपं लहान आहेत तोवरच काढा, हाताने, जमीन न नांगरता. नांगरलेला जुना माळ परत यायला कित्येक दशकं लागतात, नुसतं झाकलेलं गवत मात्र ऊन मिळालं की दोनतीन पावसाळ्यांत डोकं वर काढू शकतं.