थुंकी नको, बेडका हवा: क्षयाच्या तपासणीचा नमुना कसा घ्यावा

‘थुंकी तपासणी’ हा शब्दच आपला घात करतो. माणसाच्या हातात डबी देऊन ‘थुंकी आणा’ म्हटलं की तो थुंकीच आणणार, त्यात त्याची काय चूक? क्षयाचे जंतू सापडतात ते छातीतून वर येणाऱ्या बेडक्यात. तोंडातली लाळ स्लाइडवर पसरून कितीही वेळ सूक्ष्मदर्शकात डोळे घातले, तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

ग्रामीण भागात सतरा वर्षं हे काम करते आहे. नवीन मुलांना मशीनबद्दल सगळं शिकवलं जातं आणि नमुना घेण्याबद्दल ‘डबी द्या, सकाळचा आणायला सांगा’ एवढंच. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण 10,000 तरी असावे लागतात. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनला शंभर-सव्वाशे पुरतात. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे तशाच तपासणीचं छोटं मशीन तर बॅटरीवर चालतं, त्यामुळे ते प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोचलं. पण डबीत लाळच असेल तर मशीन तरी काय करणार?

तयारी तुम्हाला ठाऊक आहे. एकच गोष्ट बजावते: नाव, तारीख आणि निक्षय आयडी (सरकारी क्षयनोंदणीतला रुग्णाचा क्रमांक) डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, आणि डबी रुग्णाच्या हातात देण्याआधी लिहा. दोन डब्या शेजारी-शेजारी उघडल्या की झाकणं बदलतात, आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या घरी जातो.

नमुना उघड्यावर घ्यायचा. ओपीडीची रांग, पाण्याचा नळ आणि मुलं यांपासून लांब, शक्यतो उन्हात. पावसाळ्यात व्हरांड्याच्या टोकाला, पण तीन बाजू मोकळ्या हव्यात. संडासात किंवा रक्त घेण्याच्या छोट्या खोलीत कधीही नको. ‘रुग्णाला आडोसा मिळतो’ म्हणून संडास सुचवणारे मी पाहिले आहेत. हा सल्ला धोक्याचा आहे. खोकल्यातून उडणारे बारीक कण बंद खोलीच्या हवेत तासन् तास तरंगत राहतात, आणि पुढच्या वेळी तिथे जाणारी एखादी गरोदर बाई ते श्वासात घेते.

रुग्ण खोकत असताना वारा तुमच्या पाठीवर असू द्या आणि चार पावलं मागे थांबा. तुम्हाला एन-95 मास्क, रुग्णाला साधा सर्जिकल मास्क. तो त्याने फक्त खोकताना काढायचा. दोन सर्जिकल मास्क एकावर एक लावले म्हणजे एन-95 होत नाही, हवा गालांच्या कडेनेच आत शिरते. दाढी असेल तर एन-95 सुद्धा नीट बसत नाही.

आता खरी अडचण.

सुरुवातीच्या वर्षांत मीही डबी हातात देऊन मोकळी व्हायचे. एक तरुण सून दोनदा नमुना देऊन गेली. दोन्ही वेळा पाण्यासारखी लाळ होती. मी ती तशीच लावली आणि निगेटिव्ह लिहिलं. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिला उचलून आणलं होतं, आणि घरातलं पोरही खोकत होतं. त्या निगेटिव्हवर माझी सही होती. तेव्हापासून मी कुणालाही करून दाखवल्याशिवाय डबी देत नाही.

सांगायचं कसं, ते शब्दांसकट सांगते. ‘आजोबा, तोंडातली थुंकी नको. घसा खाकरून येतं ते पण नको. छातीतून खोकून बेडका काढायचा.’ खाकरणं आणि खोकणं यांतला फरक मराठी माणसाला लगेच कळतो, फक्त तो बोलून दाखवावा लागतो. नाकातला शेंबूड ओढून थुंकणारेही बरेच असतात. त्यांना नाक आधी शिंकरायला लावा.

मग साध्या पाण्याने दोन-तीन चुळा. मिश्री, तंबाखू, गुटखा, पोह्याचे कण सगळं निघालं पाहिजे. औषधी माउथवॉश मात्र नको. बसवा, थोडं पुढे झुकू द्या. खोल श्वास, क्षणभर रोखून धरायचा, सावकाश सोडायचा. असं दोनदा. तिसऱ्या श्वासाला पोटातून जोर लावून खोकायचं, आणि वर आलेलं गिळायच्या आत, डबी ओठांना लावून आत सोडायचं. हे तुम्ही स्वतः, रिकामी डबी हातात धरून, रुग्णासमोर करून दाखवा. खोकल्याची नुसती नक्कल पुरते. पहिल्यांदा लाळ येईल. रागावू नका. अंगणात दोन फेऱ्या मारायला लावा, परत बसवा. धाप लागत असेल तर मात्र जबरदस्ती नको, आणि बेडक्यात रक्त दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

बायकांसाठी वेगळा वेळ काढाच. चारचौघांत खोकून थुंकणं बाईला शोभत नाही, हे लहानपणापासून मनावर ठसलेलं असतं. सासू किंवा नवरा शेजारी उभा असेल तर ती डबी तोंडाशी नेऊन हळूच लाळ सोडते आणि झाकण लावते. सोबतच्या माणसांना केसपेपरच्या खिडकीवर पाठवा, तिला इमारतीमागच्या मोकळ्या जागेत न्या, पाठ वळवून उभ्या राहा. रावळपिंडीत झालेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. नमुना कसा द्यायचा हे नीट समजावल्यावर पॉझिटिव्ह निघालेल्या बायका 8 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर गेल्या. म्हणजे नुसत्या समजावण्यामुळे, एरवी हुकल्या असत्या त्या बायका सापडल्या. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना मी हेच आकडे सांगते.

डबी परत आली की झाकण न उघडता बाजूने उजेडात धरा. घट्ट, पिवळट, तार सुटणारा, 2 ते 5 मिलिलिटर: उत्तम. पातळ आणि फेसाळ: पुन्हा प्रयत्न. तरीही लाळच मिळाली तर ती फेकू नका. नमुन्यासोबतच्या तपासणीच्या चिठ्ठीवर ‘लाळ’ असं स्पष्ट लिहून पाठवा आणि पुढचा नमुना मागा. लाळेतही कधी कधी जंतू सापडतात, पण लाळेवरच्या निगेटिव्हवर कुणी विसंबून राहता कामा नये.

हा झाला केंद्रावरचा पहिला नमुना. दुसरा नमुना घरून, पहाटेचा, झोपेतून उठल्या उठल्या, चहाच्या आधी. रात्रभर साठलेलं तेव्हाच वर येतं. घरातही अंगणात जाऊनच खोकायचं, हे आठवणीने सांगा.

झाकण घट्ट करा, डबी बाहेरून पुसा, झिपलॉक पिशवीत उभी ठेवा, चिठ्ठी वेगळ्या पिशवीत. त्याच दिवशी पोचणार नसेल तर 2 ते 8 अंशांत ठेवा; बर्फाच्या कप्प्यात नाही.

सांडलं तर लोकांना लांब करा, वर कागद किंवा कापड टाका, त्यावर 5 टक्के फिनॉल ओता, अर्धा तास तसंच राहू द्या आणि कडेकडून मध्याकडे पुसत या. फरशी पुसायचं फिनाईल म्हणजे फिनॉल नव्हे. नावं सारखी असल्यामुळे ही चूक मी वारंवार पाहिली आहे. बाटलीवरचं लेबल वाचा.

बेडका लागलेला कापूस आणि वापरलेला मास्क पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत. हातमोजे काढल्यावर साबणाने 40 ते 60 सेकंद हात धुवा, आणि मगच पेन उचलून रजिस्टर भरा. हातमोजे घालून लिहिलेलं रजिस्टर दिवसभर सगळेच हाताळतात.