मुख्याध्यापकांनो, आधी मुलाचं वाचन ऐका

नव्यानं चार्ज घेतलेले मुख्याध्यापक विचारतात, "बाई, गुणवत्ता वाढवायची तर सुरुवात कुठून करू?" मी सांगते, ऑफिसातली खुर्ची व्हरांड्यात काढा आणि दुसरी ते पाचवीचं एकेक मूल शेजारी बसवून वाचायला लावा. हे काम वर्गशिक्षकावर ढकलू नका. पायऱ्या 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीतल्याच घ्या: अक्षर, शब्द, सोपा उतारा, गोष्ट. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाला तिसरीच्या अखेरीस मिनिटाला 60 शब्द हवे आहेत, तेही समजून. पण घड्याळ लावायची घाई नको.

पुस्तकातला झालेला धडा मात्र देऊ नका. मूल घडाघडा म्हणतं; बोट पहिल्या ओळीवरच असतं आणि तोंड तिसऱ्या ओळीला पोचलेलं. शंका आली की चित्र झाका आणि खालची ओळ आधी वाचायला सांगा. पाठांतर असेल तर मूल तिथंच अडतं.

गणितात 52 वजा 27 द्या. उत्तर 35 आलं तर समजा, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केलाय. मग 'हातचा घे, हातचा घे' म्हणून ओरडून काही होत नाही. दशकच कळलेला नसतो. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून द्या आणि एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या.

यादी इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करा. परिपाठानंतरचा तास या गटांसाठी राखून ठेवा, आणि त्या तासाला कोणाही शिक्षकाला माहिती भरायला बोलावू नका. यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती काय, पोषण आहाराची नोंद काय, जेवणाच्या सुट्टीनंतरही होते.

पहिलीला शाळेतला सगळ्यात मुरलेला शिक्षक द्या. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: हुशार शिक्षक स्कॉलरशिपच्या वर्गाला आणि काल रुजू झालेला पहिलीला. यावरून स्टाफमध्ये कुरबुर होणार, होऊ द्या.

वर्ग बघायला गेलात तर मुलांत बसा. नजर फळ्यावर नको, शेजारच्या मुलाच्या वहीत ठेवा. काय दिसलं ते त्याच दिवशी, तोंडी आणि एकच गोष्ट सांगा. लॉगबुकातल्या वळणदार शेऱ्यानं कुणाचं शिकवणं सुधारल्याचं मला तरी आठवत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्याकडून नुसत्या सह्या घेऊ नका. आमच्या बीडकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं त्यांना आपल्याआधी माहीत असतात. कोण मूल आजीजवळ राहील, कोणाला हंगामी वसतिगृह लागेल, हे दसऱ्याआधीच त्यांच्याबरोबर बसून ठरवा. तरीही जे मूल जाईल त्याची वाचनाची पातळी लिहून ठेवा. परत आलं की चालू धड्यावर बसवू नका, सुटलं होतं त्या पायरीपासून घ्या.