बेसॉल्टमधल्या घळीची मोजणी : होकायंत्र, उतारमापक आणि टेप कशी वापरावी

चाफळजवळची रामघळ, सज्जनगडाजवळची मोरघळ, पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला जांभ्यात तयार झालेल्या गुहा, कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात कोरलेली लेणी अशा मोजण्याजोग्या जागा सातारा जिल्ह्यात पुष्कळ आहेत. गुहामोजणीची जगभर रुळलेली पद्धत मात्र चुनखडकातल्या लांब गुहांसाठी घडलेली आहे, आणि चुनखडकाचा होकायंत्राच्या सुईवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तसा नाही. त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असतात, लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत कायम झालेली असते, आणि वीज पडलेल्या माथ्यांवर तर खडकाचे चुंबकत्व थोड्याशा अंतरातही बदलते. मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ च्या सुमारास अलिबागला हलवण्यात आले, तेव्हा तिथल्या इमारतींसाठी जवळचा काळा दगड न वापरता पोरबंदरचा अचुंबकीय वालुकाश्म आणण्यात आला. भिंतीचा दगड एवढा जपावा लागतो, तर त्याच दगडाच्या पोटात शिरून मोजणी करणाऱ्याने एकेरी वाचनावर कधीच विसंबू नये. दोन मोजणीबिंदूंमधली प्रत्येक रेषा दोन्ही टोकांकडून वाचावी, हा नियम या लेखातल्या बाकी सर्व सूचनांच्या वर आहे.

उपकरणांपैकी पहिले होकायंत्र. डोळ्याशी धरून एकाच वेळी लक्ष्य आणि अंश दोन्ही दिसतील असे सुंटो बनावटीचे छोटे होकायंत्र घळीत सर्वांत सोयीचे असते, कारण ते वाकून, बसून किंवा झोपूनही वापरता येते आणि अर्ध्या अंशापर्यंत वाचता येते. ते विकत घेताना सुई कोणत्या चुंबकीय विभागासाठी संतुलित केली आहे, हे अवश्य पाहावे. चुंबकीय नती, म्हणजे सुईचा आडव्या पातळीखाली झुकण्याचा कोन, उत्तर युरोपात पासष्ट अंशांहून अधिक असते, तर आपल्याकडे ती पंचवीस अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तिकडच्यासाठी संतुलित केलेली तबकडी इथे एका बाजूला कलते आणि घासून अडकते. सांगली-कऱ्हाडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर्वेक्षणाच्या तासाला वापरतात ते तिपाईवरचे प्रिझमॅटिक होकायंत्र लेण्यांच्या सपाट जमिनीवर उत्तम काम देते. कमरेइतक्या उंचीच्या घळीत मात्र तिपाई उभी करायलाच जागा मिळत नाही.

उतारमापक, म्हणजे क्लिनोमीटर, चुंबकत्वावर अवलंबून नसतो, म्हणून आपल्या खडकात त्याचे वाचन होकायंत्रापेक्षा जास्त भरवशाचे असते. त्यात बहुधा अंश आणि टक्के अशा दोन मोजपट्ट्या शेजारीशेजारी असतात. आपण अंशच वाचत आहोत, याची खात्री दिवसाच्या सुरुवातीला करावी. पंचेचाळीस अंश म्हणजे शंभर टक्के, एवढे लक्षात ठेवून एका तीव्र उतारावर दोन्ही पट्ट्या पाहिल्या की कोणती बाजू कसली, ते कळते. विकतचे साधन नसेल तर मोठ्या कोनमापकाच्या केंद्राला दोरा व ओळंबा बांधून आणि सरळ कडेला नळी चिकटवून एक-दोन अंशांच्या अचूकतेचे साधन घरीच करता येते.

टेप फायबरग्लासची असावी. पोलादी टेप सुईजवळ आली की वाचन बिघडते. जुन्या टेपचे पहिले काही सेंटिमीटर झिजलेले किंवा तुटलेले असतात, म्हणून शून्य कुठून सुरू होते हे आधीच पाहून घ्यावे. लेझर अंतरमापक सुखाचा असतो, पण साचलेल्या पाण्यावर आणि ओल्या, चमकत्या दगडावर तो चुकीचे अंतर दाखवू शकतो, त्यामुळे टेप सोबत ठेवावीच.

उपकरणांची तपासणी डोंगराच्या माथ्यावर करू नये. कृष्णाकाठी, कऱ्हाडला किंवा सांगलीला, गाळाची खोल जमीन आहे. तिथे गाड्या, विजेचे खांब, तारेचे कुंपण आणि पुलाचे लोखंड यांपासून दूर असा मोकळा तुकडा निवडावा. तीस मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकून पहिल्यावरून दुसऱ्याचा आणि दुसऱ्यावरून पहिल्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन, वाचावा. दोन वाचनांत बरोबर एकशे ऐंशी अंशांचा फरक आला पाहिजे. मग चमूतल्या प्रत्येकाने हीच रेषा वाचावी, कारण डोळ्यांच्या फरकामुळे एकाच होकायंत्रावर दोन माणसांची वाचने अंशभराने वेगळी येऊ शकतात. त्याच जागी डोक्यावरचा दिवा, मोबाइल, चष्मा, हातातले कडे, घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा यांपैकी एकेक वस्तू होकायंत्राजवळ आणून सुई किती अंतरावर हलते, ते पाहावे. मोबाइलमध्ये स्पीकरचे चुंबक असते, तो वाचकाच्या खिशात असता कामा नये. दिव्याची बॅटरी डोक्याच्या मागे असली तरी वाचन घेताना दिवा चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांत एकदा ताडून पाहावे.

प्रत्यक्ष मोजणीला तीन माणसे पुरतात: एक उपकरणे वाचणारा, एक पुढच्या स्थानकावर दिवा धरणारा आणि एक नोंदवही व रेखाटन सांभाळणारा. स्थानक म्हणजे पुन्हा नेमकेपणाने सापडेल असा बिंदू, एखाद्या दगडाचे टोक किंवा कपारीचा कोपरा. होकायंत्र त्या बिंदूशीच टेकवून वाचावे. सोयीसाठी हातभर बाजूला सरकून वाचले की बेसॉल्टमध्ये चुंबकीय परिस्थितीच बदलते आणि पुढची दुरुस्ती निरर्थक होते. वाचणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगावा आणि लिहिणाऱ्याने तो परत उच्चारावा.

आता दुहेरी वाचनाचा उपयोग पाहू. समजा क वरून ख चा दिगंश ४० अंश आला आणि ख वरून क चा २२० अंश. फरक नेमका १८० आहे, म्हणजे क आणि ख या दोन्ही जागी सुई खडकाने ओढलेली नाही असे तूर्त मानता येते. पुढे ख वरून ग चा दिगंश ११० आला, पण ग वरून ख चा २९३ आला. तो २९० यायला हवा होता. ख निर्दोष असल्यामुळे हे तीन अंश ग या जागेचे आहेत आणि ग वर घेतलेल्या प्रत्येक दिगंशातून ते वजा करायचे आहेत. ग वरून घ चा दिगंश ६५ वाचला असेल तर खरा दिगंश ६२. मग घ वरून ग चे वाचन २४२ शी ताडून घ ची चूक काढावी आणि असेच पुढे जावे. सर्वेक्षणाच्या पुस्तकांत यालाच स्थानिक आकर्षणाची दुरुस्ती म्हणतात. ती चालते याचे कारण असे की एका बिंदूवर सुई जितकी ढळते तितकीच ती त्या बिंदूवरून घेतलेल्या सर्व वाचनांत ढळलेली असते. त्यामुळे एकाच स्थानकावरून घेतलेल्या दोन दिगंशांमधला कोन खराच राहतो. वेळ वाचवण्यासाठी एक सोडून एक स्थानकावर उपकरण लावण्याची युक्ती चुनखडकात खपते, पण आपल्याकडे ती वापरू नये, कारण वगळलेल्या स्थानकावरचा कोन मग कुठूनच मिळत नाही.

घळीत एकही रेषा निर्दोष निघत नसेल तर बाहेर यावे. तोंडासमोरच्या मातीच्या उतारावर दोन-तीन स्थानके घेऊन जुळणारी रेषा शोधावी आणि तिथून कोनाकोनाने दिशा आत न्यावी. दोन्ही टोकांना सारखेच आकर्षण असेल तरीही फरक १८० येतो, म्हणून बाहेरच्या एका स्थानकावरून लांबचा ओळखीचा बिंदू, उदाहरणार्थ अजिंक्यतारा किंवा सज्जनगड, वाचून तो सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून काढलेल्या दिशेशी ताडावा. सातारा-सांगली भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जेमतेम एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणून मोठी तफावत दिसली तर दोष खडकाचा किंवा वाचनाचा समजावा.

नोंदवहीत प्रत्येक रेषेसाठी कुठून, कुठे, अंतर, पुढचा दिगंश, मागचा दिगंश आणि उतार लिहावा. प्रत्येक स्थानकावर डावी भिंत, उजवी भिंत, छत आणि जमीन यांची अंतरेही लिहावीत. पेन्सिलच वापरावी. रेखाटन १:१०० प्रमाणात आलेखाच्या कागदावर आतच पूर्ण करावे, घरी आठवून काढू नये. मऊ थर झिजून वरचा कठीण थर छतासारखा उरल्याने तयार झालेल्या घळी रुंद आणि बसक्या असतात, म्हणून नुसत्या वरून दिसणाऱ्या आराखड्यातून त्यांचे रूप कळत नाही; दर काही मीटरवर आडवा छेद काढणे आवश्यक आहे.

गणित सोपे आहे. अंतर ६.४० मीटर, उतार वर १२ अंश आणि दिगंश ७५ अंश असेल, तर आडवे अंतर ६.४० गुणिले कोसाइन १२, म्हणजे ६.२६ मीटर, आणि चढ ६.४० गुणिले साइन १२, म्हणजे १.३३ मीटर. आडव्या अंतराला साइन ७५ ने गुणले की पूर्वेकडे ६.०५ मीटर आणि कोसाइन ७५ ने गुणले की उत्तरेकडे १.६२ मीटर मिळतात. दहा मीटरच्या रेषेत एका अंशाची चूक सुमारे साडेसतरा सेंटिमीटरची होते, यावरून कुठे किती काटेकोर राहावे हे ठरवता येते. ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनने ठरवलेल्या मोजणीच्या अचूकतेच्या पाचव्या श्रेणीसाठी कोन एका अंशापर्यंत आणि स्थानके दहा सेंटिमीटरच्या आत अचूक असावी लागतात. आपल्या लहान घळींत ते साधता येते.

घळीला दोन तोंडे किंवा मध्ये खांब असेल तर फेरी बंद करावी, म्हणजे मोजत मोजत सुरुवातीच्या स्थानकावर परत यावे. पाच स्थानकांच्या बंद फेरीतल्या आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश यायला हवी, आणि हे कोन आकर्षणापासून मुक्त असल्याने ही तपासणी विशेष मोलाची आहे. शेवटी मूळ बिंदूवर परतताना राहिलेली तफावत एकूण लांबीच्या एक टक्क्याच्या आत असेल तर ती सर्व रेषांत वाटून टाकावी. दोन टक्क्यांच्या पुढे गेली तर वाटण्यापूर्वी चुकलेली रेषा शोधून पुन्हा मोजावी. सर्व्हेक्स आणि थेरियन ही मोफत सॉफ्टवेअर हे वाटप आपोआप करतात, पण ढोबळ चूक तीही सगळीकडे पसरवून ठेवतात.

अंतर, दिगंश आणि उतार एकाच दाबणीत देणारे डिस्टोएक्स हे उपकरण मोबाइलवरच्या टोपोड्रॉइड या गुहामोजणीच्या ॲपशी जोडता येते. त्यातही दिशा चुंबकीय संवेदकानेच मोजली जाते, म्हणून खडकाच्या ओढीपासून त्याची सुटका नाही. त्याचे अंशशोधन (कॅलिब्रेशन) नदीकाठच्या मोकळ्या जागी करून यावे आणि दुहेरी वाचनाचा नियम त्यालाही लावावा.

मोजणीसाठी दिवाळीनंतरचे कोरडे महिने योग्य. तोंडावर आग्या मोहोळ असेल तर माघारी फिरावे. वटवाघळांची वस्ती असेल तर आत थांबू नये आणि विष्ठेची धूळ असलेल्या जागी मास्क लावावा. संरक्षित लेण्यांत पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि कुठेही स्थानकाची खूण रंगाने किंवा छिन्नीने करू नये: प्रत्येक स्थानकाचे जवळून आणि लांबून छायाचित्र घ्यावे व भिंतीवरच्या दोन ठळक बिंदूंपासूनची त्याची अंतरे वहीत लिहावीत, म्हणजे पुढच्या मोसमात तेच बिंदू सेंटिमीटरभराच्या आत पुन्हा सापडतात.