घरून ऑफिसचं टॅली: कर्मचाऱ्याकडे फक्त एक डबल-क्लिक ठेवायचा

कर सल्लागाराचं किंवा व्यापाऱ्याचं दहा-बारा माणसांचं ऑफिस. टॅली तिथल्या मशीनवर, स्कॅन केलेली बिलं शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) भरायचं असताना अकाउंटंट घरी. त्याला व्हीपीएन (घर आणि ऑफिस जोडणारी सुरक्षित खासगी वाट) म्हणजे काय ते समजावत बसू नका. त्याच्या डेस्कटॉपवर एकच आयकॉन असावा, तो उघडला की ऑफिसचा स्क्रीन समोर यावा. बाकीची सगळी कटकट सेटअप करणाऱ्याची, म्हणजे तुमची.

राउटरवर ३३८९ पोर्ट (आत येण्याचं दार) उघडून थेट रिमोट डेस्कटॉप (दूरच्या पीसीचा स्क्रीन दाखवणारी विंडोजची सोय) देणं सर्वांत झटपट होतं, म्हणूनच ते अनेक ठिकाणी केलेलं सापडतं. करू नका. हा पोर्ट शोधणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात, आणि एक कच्चा पासवर्ड सापडला की पुढे रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणं. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरा आणि रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत चालवा.

आधी लाइन तपासा

राउटरच्या सेटिंग पानावर दिसणारा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. बाहेरून कुणीच आत येऊ शकत नाही. नेट देणाऱ्याकडून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या, नाहीतर अशा लाइनवरही चालणारी टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा वापरा. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीचा डबा स्वतःच राउटर बनून बसलाय. तो ब्रिज मोडवर (नुसता मोडेम म्हणून) टाका किंवा त्यावरून यूडीपी ५१८२०, म्हणजे वायरगार्डचा पोर्ट, तुमच्या राउटरकडे पुढे पाठवा.

स्टॅटिक आयपीचे पैसे वाचवून डायनॅमिक डीएनएसवर (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) भागवता येतं, पण वायरगार्ड ते नाव फक्त टनेल, म्हणजे व्हीपीएनची जोडणी, सुरू होताना शोधतं. मधे ऑफिसचा आयपी बदलला की टनेल बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, आणि तो फोन तुम्हालाच येतो.

ऑफिसची रेंज बदला

रेंज म्हणजे ऑफिसमधल्या उपकरणांना मिळणाऱ्या आयपींचा गट. ती बदलण्याचा कंटाळा करून चालत नाही. ऑफिसात १९२.१६८.१ आणि घरच्या राउटरवरही १९२.१६८.१ असेल तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत राहतो. जिओफायबरवर १९२.१६८.२९ असतं म्हणून एकाचं चालतं आणि शेजारच्या टेबलवाल्याचं चालत नाही. असे निम्मे चालणारे सेटअप सर्वांत जास्त डोकं खातात. ऑफिसला १०.४४.२०.०/२४ आणि टनेलला १०.४४.९९.०/२४ द्या. हे रविवारी करा, कारण प्रिंटर आणि हजेरीचं मशीन यांचे हाताने घातलेले आयपीही बदलावे लागतात.

टनेल

राउटर मायक्रोटिक कंपनीचा आणि रूटरओएस ७ (त्याची प्रणाली) वरचा असेल तर वायरगार्ड त्यातच आहे. नसेल तर रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही पुरतो. प्रत्येक उपकरणाला वेगळा पीअर (वायरगार्डमधली नोंद), वेगळी की (ओळख पटवणारी गुप्त किल्ली). एकच सेटिंग फाइल दोन लॅपटॉपवर टाकली की दोघं आळीपाळीने एकमेकांना बाहेर ढकलतात.

कर्मचाऱ्याच्या फाइलमध्ये ‘अलाउड आयपीज’ला वरच्या दोनच रेंज लिहा. तिथे ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) ठेवलं तर घरातला यूट्यूबही ऑफिसच्या लाइनवरून जातो, आणि विंडोजवर घरचा प्रिंटर दिसेनासा होऊ शकतो. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा, म्हणजे दर २५ सेकंदांनी जोडणी जागी राहते. मोबाइल हॉटस्पॉटवर लॉगिन होतं पण स्क्रीन अडकतो, अशी तक्रार आली तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १२८० करून बघा.

विंडोजवर टनेल एकदा चालू केला की रीस्टार्टनंतर आपोआप सुरू होतो, म्हणून तो चालूच सोडा. लॅपटॉप ऑफिसातही येत असेल तर मात्र तिथे बंद करावा, कारण एकाच रेंजकडे दोन रस्ते झाले की विंडोज गोंधळतं. टनेल बंद-चालू करण्याचं बटण दाबायला ॲडमिन हक्क लागतात. ते देण्याऐवजी माणसाला ‘नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स’ गटात टाका आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) वायरगार्डखाली ‘लिमिटेडऑपरेटरयूआय’ १ करा.

ऑफिसचा पीसी

टॅलीचा डेटा फोल्डर व्हीपीएनवरून उघडू देऊ नका. एकेका नोंदीसाठी फाइल मागेपुढे धावते, त्यामुळे चालायला जड, आणि मधेच नेट गेलं तर डेटा बिघडण्याची भीती. रिमोट डेस्कटॉपवर फक्त चित्र येतं. लाइन तुटली तरी टॅली ऑफिसात चालूच असतं.

पीसीवर विंडोज प्रो हवं, होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही. एका वेळी एकच माणूस: घरून कुणी शिरलं की समोर बसलेल्याचा स्क्रीन लॉक. पीसीचा आयपी राउटरवर राखून ठेवा आणि आयकॉनमध्ये नावाऐवजी तोच घाला, कारण नावं टनेलमधून बहुधा सापडत नाहीत. स्लीप बंद. वीज जाऊन आल्यावर पीसी आपणहून चालू व्हावा ही सेटिंग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं पान) असते, तीही लावा. राउटरला छोटा यूपीएस. शेअर्ड फोल्डर हवा असेल तर विंडोज फायरवॉलच्या फाइल शेअरिंग नियमात टनेलची रेंज घाला, तो नियम मुळात स्थानिक सबनेटपुरताच असतो.

सर्वांत जास्त फोन ‘पासवर्ड चुकीचा सांगतोय’ म्हणून येतात. रोज चार आकडी पिन टाकणाऱ्याला खरा पासवर्ड आठवतच नसतो, आणि इथे पिन चालत नाही. लॅपटॉप हातात देण्याआधी तो पासवर्ड त्याच्याच हाताने एकदा टाकून घ्या.

फोनवर विचारायचं ते

वायरगार्डमध्ये ‘ॲक्टिव्ह’ हिरवं दिसतंय यावर विसंबू नका, पलीकडून ऑफिस उत्तर देत नसतानाही ते हिरवंच असतं. ‘लेटेस्ट हँडशेक’ची, म्हणजे दोन्ही टोकं शेवटची कधी जोडली गेली याची, ओळ वाचून दाखवायला सांगा. ती ओळच नसेल तर अडचण लाइनची, कीची किंवा तारखेची. बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर तारीख मागे पडली की सर्व्हर हँडशेक जुना समजून नाकारतो. हँडशेक ताजा आहे आणि तरी स्क्रीन येत नाही, तर ऑफिसात कुणालातरी तो पीसी चालू आहे का ते बघायला पाठवा.

कुणी नोकरी सोडली की त्याचा पीअर राउटरवरून त्याच दिवशी काढा आणि विंडोजचं खातं बंद करा. प्रत्येकाची की वेगळी असल्याने बाकीच्यांच्या लॅपटॉपला हातही लावावा लागत नाही.