जीपचं मागचं हाउसिंग बदललंय? शाफ्टचं माप देण्याआधी या चुका टाळा

जुन्या महिंद्रा सीजे ३बीला दुसऱ्या गाडीचं मागचं हाउसिंग (मागच्या चाकांमधलं, डिफरन्शियल असलेलं एक्सलचं आवरण) बसवलं की बहुतेक जण लगेच टेप काढतात आणि प्रोपेलर शाफ्टचं (इंजिनचा जोर मागच्या हाउसिंगकडे नेणाऱ्या दांड्याचं) माप घेऊन लेथवाल्याकडे धावतात. खरं तर हे काम सगळ्यात शेवटचं. या जीपचा व्हीलबेस ८० इंच. मागचा शाफ्ट मुळातच आखूड, त्यामुळे लांब गाडीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक अशी: चॅसिसखाली स्टँड लावलेले, हाउसिंग पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) लोंबकळतंय आणि त्याच अवस्थेत माप घेतलं जातं. हिशेब करून बघा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वळते सांधे, असतात: एक ट्रान्सफर केसकडे (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), दुसरा पिनियनकडे (हाउसिंगमधला, शाफ्ट जोडायचा गिअर). ट्रान्सफर केसकडचा क्रॉस आणि पिनियनकडचा क्रॉस यांच्यात आडवं अंतर ४५० मिमी आणि उंचीचा फरक १०० मिमी असेल, तर तिरपं अंतर ४६१ मिमी येतं. आडवं अंतर तेच धरलं आणि हाउसिंग ७५ मिमी खाली लोंबलं, तर ते ४८३ होतं. म्हणजे २२ मिमी जास्तीचा शाफ्ट तुम्ही स्वतःच बनवून घेतलात. गाडी चाकांवर उतरली की स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा, तेवढा आत जातो. पुढे मोठा खड्डा आला की त्याला सरकायला जागा उरत नाही आणि सगळा मार ट्रान्सफर केसच्या आउटपुट बेअरिंगवर बसतो.

तेव्हा सपाट जमीन, गाडी स्वतःच्या चाकांवर, यू-बोल्ट आवळलेले, स्टेपनी आणि नेहमीचं वजन जागेवर. पाटे नवे असतील तर थोडी गाडी हलवून ते बसू द्या. मग माप.

पण त्याआधी पिनियनचा कोन. पाट्यांच्या बैठका हाउसिंगला पक्क्या वेल्ड करून मोकळं होऊ नका. आधी नुसते टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा. दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस असेल तर ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे एका क्रॉसची ओढाताण दुसरा निस्तरतो. पाट्यांच्या गाडीत जोर लागला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून ते उभ्या गाडीत एक-दोन अंश खाली ठेवतात. फ्लँजच्या (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकतीच्या) तोंडाला मोबाइल टेकवून कोन मोजला तरी काम भागतं, फक्त दोन्हीकडे तोच मोबाइल, त्याच बाजूने.

सीजे ३बीची एक खोड इथे नडते. तिच्या ट्रान्सफर केसचं मागचं तोंड मधोमध नाही, उजवीकडे आहे, आणि मूळ हाउसिंगचा गोळाही (डिफरन्शियलचा फुगीर भाग) उजवीकडेच. मधोमध गोळा असलेलं हाउसिंग बसवलं की शाफ्ट वरून पाहिला तरी तिरपा दिसतो. बाजूने ४ अंश आणि वरून ३ अंश असेल तर क्रॉसवर प्रत्यक्षात ५ अंशांचा कोन पडतो. नुसतं बाजूने मोजून ‘कोन बरोबर आहे’ म्हणणारे इथेच फसतात. लांबीही या तिरप्या रेषेवरच घ्यायची.

गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या-मागच्या हाउसिंगमधल्या गिअरांचा रेशोही जुळवा. सीजे ३बीचा मूळ रेशो ५.३८. मागे वेगळा आला तर फोर व्हील टाकल्यावर पक्क्या रस्त्यावरच काय, मातीतही ट्रान्सफर केसवर ताण येईल. शाफ्ट कितीही अचूक असो, यावर इलाज नाही.

एकाच मापावर भागत नाही. उभ्या गाडीचं माप, मग चॅसिस उचलून हाउसिंग पूर्ण लोंबकळवून दुसरं, आणि पाटे पूर्ण दबल्यावरचं तिसरं. हे तिसरं टाळायचा मोह सगळ्यांनाच होतो. मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे काढा, मग जॅकने हाउसिंग बंप रबराला टेकेपर्यंत सहज वर येतं. पूर्ण दबल्यावरही स्लिप जॉइंट आत टेकता कामा नये आणि पूर्ण लोंबकळल्यावरही स्प्लाइनची (सरकत्या सांध्यातल्या दात्यांची) भरपूर पकड राहायला हवी. उभ्या गाडीत आत सरकायला निदान २०-२५ मिमी जागा ठेवायचा रिवाज आहे, पण तुमच्या तीन मापांना त्यापेक्षा जास्त मान द्या.

लेथवाल्याला आकडा देताना तो क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहे की फ्लँजच्या तोंडापासून तोंडापर्यंत, हे कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं माप हमखास चुकतं. पाइप कापून वेल्ड केला की बॅलन्सिंग करून घ्यायचंच. स्लिप जॉइंट उघडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची खूण करा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नसले की चांगला शाफ्टही थरथरतो.

तरीही त्रास राहिलाच तर लक्षणं पाहा. ठरावीक वेगाला थरथर येते आणि क्लच दाबून गाडी घरंगळत सोडली तरी जात नाही, तर इंजिनला दोष देऊ नका. शाफ्टचं बॅलन्स आणि चाकं तपासा. फक्त वेग घेताना हादरा बसत असेल तर पिनियनचा कोन पाहा. खड्ड्यात ‘ठक्’ आवाज किंवा आउटपुट सील पुन्हा पुन्हा गळणं, तर शाफ्ट लांब झाल्याचा संशय आधी घ्या. स्लिप जॉइंटच्या उघड्या भागावर, बाहेरच्या नळीला टेकवून एक केबल टाय घट्ट आवळा आणि चार स्पीडब्रेकर घ्या. नळी टायला जिथपर्यंत ढकलेल तिथपर्यंत जॉइंट आत गेला होता. तिथून पुढे किती जागा उरली ते मोजा आणि पाच-सात मिमीच उरली असेल तर शाफ्ट परत लेथवर चढवा.