अंगावरचा संगणक आणि पथकाचे भान: नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगाव परिसरात अभियांत्रिकी शिकून अंगावर वागवायच्या संगणकांच्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी आधी हे समजून घ्यावे की इथे यंत्राइतकाच माणसाच्या लक्षाचा अभ्यास करावा लागतो. जंगलात गस्त घालणाऱ्या किंवा पुरात बचावकार्य करणाऱ्या पथकाची नजर वाटेवर आणि पाण्यावर असायला हवी. ती मनगटावरच्या पडद्यात गुंतली, तर भान वाढण्याऐवजी घटते. माणूस आणि यंत्र यांच्या संबंधाच्या अभ्यासक मायका एन्डस्ली यांनी १९९५ मध्ये मांडलेले परिस्थितीच्या भानाचे तीन टप्पे, म्हणजे आजूबाजूचे टिपणे, त्याचा अर्थ लावणे आणि पुढे काय होईल हे ताडणे, सुरुवातीलाच नीट अभ्यासावेत.

प्रयोगशाळेत चालणारे उपकरण पावसाळ्यात खानापूर तालुक्यात, कणकुंबी-भीमगडच्या बाजूला नेऊन पाहावे. दाट झाडीखाली जीपीएसचे संकेत क्षीण होतात आणि ठिकाण सरकलेले दिसते. मोबाईलला रेंज नसलेल्या भागात आम्ही लोरा रेडिओ, म्हणजे कमी विजेवर दूरवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ, वापरला. त्यासाठी भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे. वेग फार कमी असल्याने त्यावरून छायाचित्रे पाठवणे व्यवहार्य नसते, अक्षांश-रेखांशांचा छोटा संदेश मात्र जातो, आणि मध्ये डोंगराची सोंड आली की तोही अडतो. म्हणून उपकरणाच्या नकाशावर सहकाऱ्याचे ठिकाण दाखवणारा ठिपका किती वेळापूर्वीचा आहे, हे दिसलेच पाहिजे. जुना ठिपका ताजा म्हणून दाखवणे हे ठिपका नसण्यापेक्षा घातक आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण पथक त्याच्या भरवशावर चुकीच्या दिशेला शोध घेऊ लागते.

कमरपट्ट्यातल्या छोट्या कंपन मोटरींनी दिशा कळवण्याची पद्धत मला सर्वांत आवडते. ज्या बाजूला थरथर, त्या बाजूला सहकारी. डोळे आणि कान मोकळे राहतात. मात्र मोटरीत चुंबक असते आणि जंगलात फिरणाऱ्याच्या कमरेला पोलादी कोयता असू शकतो, त्यामुळे शेजारचे डिजिटल होकायंत्र चुकीची दिशा दाखवते. ते पाठीवर, मोटरींपासून दूर बसवावे आणि सगळे साहित्य अंगावर चढवल्यावरच त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे दिशा अचूक दाखवण्यासाठीची जुळणी, करावे.

चाचणीत केवळ ‘उपकरण आवडले का’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. सराव मध्येच थांबवावा, पडदे झाकावेत आणि प्रत्येकाला विचारावे: तुमच्या मागे कोण आहे, नाला कोणत्या बाजूला आहे, शेवटचा माणूस पाच मिनिटांत कुठे पोहोचेल? उत्तरे नोंदींशी पडताळावीत आणि तोच सराव उपकरणाविनाही घ्यावा. दोन्ही वेळा तीच माणसे असतील, तर निम्म्यांनी आधी उपकरणासह आणि निम्म्यांनी आधी उपकरणाविना सराव करावा, नाहीतर वाट ओळखीची झाल्याचे श्रेय उपकरणाला दिले जाते.